खुडूक कोंबडी आणि उबेची पेटी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि तारखा उभ्या राहतात. घराच्या मागच्या दाराशी, चुलीच्या उबाऱ्याला किंवा पडवीच्या कोपऱ्यात जे घडते, त्यालाही इतिहास असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला एकवीस दिवस लागतात. हा काळ निसर्गाने ठरवून दिला आहे आणि तो कमी करणे कोणत्याही यंत्राला साधलेले नाही. मात्र त्या एकवीस दिवसांची ऊब कोणी द्यायची, कोंबडीने की माणसाने, हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षे माणसाच्या मनात घोळत आला आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतून घरोघरी लहान उबवणी यंत्रे दिसू लागली आहेत. थर्मोकोलचे खोके, एक दिवा, एक छोटा पंखा आणि आकडे दाखवणारे तापनियंत्रक, एवढ्या सामग्रीवर कोणीही पंचवीस-पन्नास अंडी उबवू शकतो. हे नवे साधन नेमके कशाच्या जागी आले, याचा विचार करण्यासाठी हा लेख.

मोरा आणि त्याचे खुराडे

मोरा हे मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरचे छोटे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच ज्या धक्क्याला लागते, तो हा मोरा. आज हा भाग रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. एकोणिसाव्या शतकात उरण हा ठाणे जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचा एक पेटा होता. १८८३ साली पनवेल कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही या किनाऱ्याची जुनी उपजीविका. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या घरामागे खुराडे असे. त्या खुराड्यातील कोंबड्यांना विकतचे खाद्य कधी लागत नसे. भात सडताना पडणारा कोंडा, कण्या, खळ्यातले सांडलेले दाणे, सुकट निवडताना उरलेला चुरा, शेणातले किडे आणि वाळवी यांवर त्या पोसल्या जात. आज खाद्याच्या कारखान्यात प्रथिनांसाठी मासळीची भुकटी मिसळतात. ती आपल्या किनाऱ्यावरच्या कोंबडीला पूर्वीपासूनच फुकट मिळत होती.

या कोंबडीचे मूळही फार दूरचे नाही. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आली. माणसाच्या वस्तीतील सर्वांत जुने निश्चित पुरावे थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणचे, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातील आहेत, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. परंतु पिवळ्या कातडीचा गुण तिने दक्षिण भारतातील राखाडी रानकोंबड्याकडून घेतला, हे २००८ साली जनुकशास्त्राने सिद्ध केले. आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे आरवतो तो हाच राखाडी रानकोंबडा. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत त्याचा वाटा आहे.

कोंबडी बसवण्याचे शास्त्र

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. ती पिसे फुलवते, खुराड्यातून हलत नाही, हात लावला तर टोचते, आणि तिचा आवाजही बदलतो. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढलेले असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आपल्या आजी-पणजींना त्याचे नाव ठाऊक नव्हते, पण लक्षणे पक्की ठाऊक होती. खुडूक कोंबडी दिसली की टोपलीत भाताचा पेंढा पसरायचा, ताजी आणि मध्यम आकाराची अंडी निवडायची, फार लांबट किंवा पातळ कवचाची बाजूला काढायची, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडी त्यांवर बसवायची. अंधारात बसवलेली कोंबडी जागा सोडत नाही, हा अनुभव. अंडी नऊ, अकरा किंवा तेरा, अशी विषम संख्येत ठेवण्याची प्रथा होती. कोणी हिला निव्वळ समजूत म्हणेल. पण एका गावठी कोंबडीच्या पंखांखाली दहा-बारा अंडीच नीट झाकली जातात, त्यामुळे अकराचा आकडा व्यवहारालाही धरून होता. मेघगर्जनेने अंडी बिघडतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवत. अंडी बिघडत ती बहुधा पावसाळी दमटपणाने आणि कोंबडी बिचकून उठल्याने, पण त्याचा दोष आभाळाकडे जाई.

कोंबडी त्या एकवीस दिवसांत काय करते, हे पाहिले म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांना काय काय साधावे लागले ते कळते. ती पोटावरची पिसे गळू देते आणि उघडी कातडी अंड्यांना टेकवते. दिवसातून अनेक वेळा चोचीने अंडी फिरवते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटून मरतो. कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला करून ती सर्वांना सारखी ऊब देते. दिवसातून एकदा दहा-वीस मिनिटे उठून दाणापाणी करते, तेवढ्या वेळात अंडी थोडी निवतात आणि त्यांना हवा मिळते. शेवटचे दोन-तीन दिवस ती उठतही नाही. त्या सुमारास अंड्यातून पिल्लाची चिवचिव ऐकू येऊ लागते आणि कोंबडी तिला उत्तर देते. पिल्लू चोचीवरच्या टोकदार उंचवट्याने कवच फोडून बाहेर येते. हा उंचवटा पुढे गळून पडतो.

पिल्ले झाली की त्यांची वाटणीही ठरलेली असे. ज्या घरी कोंबडी नाही, त्या घरी एखादी तलंग अर्धलीने दिली जाई. सांभाळ तिने करायचा आणि पिल्ले अर्धी-अर्धी वाटून घ्यायची. शेत नवऱ्याच्या नावावर, होडी सासऱ्याच्या नावावर, पण कोंबड्या बाईच्या. अंडी-पिल्ले विकून आलेला पैसा मीठ-मिरचीला, मुलाच्या पाटीपेन्सिलीला, औषधाला लागे, आणि त्याचा हिशेब तिला कोणी विचारत नसे. गरीब घरातील स्त्रीच्या हाती राहणारे हे बहुधा एकमेव भांडवल होते. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मिसर देशातील भट्ट्या

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची कला सर्वांत आधी चीन आणि मिसर या देशांनी साधली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की, मिसरमध्ये अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून पिल्ले काढतात. याच ॲरिस्टॉटलने एकामागून एक दिवसाची अंडी फोडून गर्भाची वाढ पाहिली आणि बलकावर धडधडणारा रक्ताचा ठिपका नोंदवला. गर्भशास्त्राची सुरुवातच कोंबडीच्या अंड्यापासून झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे मिसरमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या बांधल्या गेल्या. मध्ये एक अरुंद वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना दुमजली कोठड्या. खालच्या कोठडीत हजारो अंडी, वरच्या कोठडीत शेण आणि पेंढा यांची धुमसती आग. तापमापक नव्हता. भट्टीचा कारागीर अंडे आपल्या पापणीला टेकवून उष्णता पारखी. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई आणि बाहेरच्यांपासून जपून ठेवले जाई. नाईल नदीच्या मुखाकडील बर्मा या गावचे लोक या कामात विशेष प्रसिद्ध होते. १३२३ च्या सुमारास पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेला सिमोन हा आयरिश फ्रान्सिस्कन संन्यासी कैरोला पोहोचला. कोंबडा-कोंबडीवाचून केवळ अग्नीच्या उबेने पिल्ले निघतात, हे त्याने आपल्या प्रवासवृत्तांत आश्चर्याने नोंदवले आहे.

युरोपात ही कला रुजायला फार वेळ लागला, कारण तेथील थंडी मिसरपेक्षा कडक. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस द्रेबेल या डच शोधकाने अंडी उबवण्यासाठी एक पेटी केली. आतील उष्णता वाढली की पाऱ्याच्या हालचालीने धुराड्याचे झाकण आपोआप फिरून आग मंद होई. यंत्राने स्वतःच्या कामावर स्वतःच नजर ठेवावी, ही कल्पना प्रत्यक्षात उतरवण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. पुढे १७४९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मिसरच्या भट्ट्यांचा अभ्यास करून या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने स्वतःच तयार केलेला तापमापक येथे उपयोगी पडला, आणि पापणीची पारख आकड्यात मांडता आली. १७८० साली कोपिनो नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूनेही कृत्रिम उबवणीवर पुस्तक लिहिले.

दिव्याची पेटी ते वाऱ्याची खोली

एकोणिसाव्या शतकात रॉकेलचा दिवा सर्वत्र झाला आणि त्याबरोबर घरगुती उबवणी पेटी शक्य झाली. १८७९ साली अमेरिकेतील पेटालुमा या गावी लायमन बाइस याने केलेल्या यंत्राने तो सारा परिसर अंड्यांचा प्रदेश बनला. १८८१ साली लंडनच्या चार्ल्स हिअर्सनने एक साधी युक्ती काढली. धातूच्या चपट्या डबीत सहज उकळणारा द्रव भरायचा. ठरलेली उष्णता आली की डबी फुगते, दांडा उचलला जातो आणि दिव्याची धग बाहेर वळते. विजेवाचून चालणारे हे नियंत्रण इतके भरवशाचे होते, की अशा पेट्या पुढे अनेक देशांत वापरल्या गेल्या.

या सर्व पेट्या लहान होत्या आणि घराच्या मापाच्या होत्या. चित्र पालटले ते विसाव्या शतकात. १९१८ साली अमेरिकेत डॉ. स्मिथ यांना पंख्याने गरम हवा खेळवणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. आता एकाच खोलीत हजारो अंडी थरांवर थर रचून उबवता येऊ लागली. पिल्लाच्या पोटात उरलेला बलक त्याला पहिले दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून त्या काळात त्याला दाणापाणी न देता दूर पाठवता येते. १९१८ पासूनच अमेरिकेच्या टपाल खात्याने एक दिवसाची पिल्ले स्वीकारायला आरंभ केला. उबवणी घर सोडून कारखान्यात गेली, ती येथे.

भारतात आणि महाराष्ट्रात

आपल्या देशात सुधारित कुक्कुटपालनाचा आरंभ करणाऱ्यांत ख्रिस्ती मिशनकेंद्रांचा वाटा मोठा आहे. संयुक्त प्रांतातील एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत परदेशी जातीचे कोंबडे आणून गावठी कोंबड्यांची पैदास सुधारण्याचा प्रयत्न केला. त्रावणकोरमधील मार्तांडम येथे स्पेन्सर हॅच यांनी वाय.एम.सी.ए.च्या ग्रामीण केंद्रात १९२० च्या दशकापासून अंडी गोळा करून, प्रतवारी लावून सहकाराने विकण्याची पद्धत बसवली. या दोन्ही ठिकाणी विचार एकच होता: भूमिहीन माणसाला जमीन देता येत नसेल, तर निदान चांगली कोंबडी द्यावी. हे काम करणारे आमच्या पंथाचे नव्हते, पण त्यांची दृष्टी आदर करावा अशीच होती.

१९३९ साली इज्जतनगर येथे कुक्कुट संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने प्रादेशिक कुक्कुट पैदास केंद्रे काढली. त्यांतील एक मुंबईत आरे वसाहतीत आले. महाराष्ट्र शासनाने पुण्याजवळ खडकी, तसेच कोल्हापूर, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालवली. खेड्यांत सुधारित जातींची अंडी आणि पिल्ले पोहोचवणे हे त्यांचे काम. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि पुढे पुणे हे देशातील कुक्कुट उद्योगाचे एक प्रमुख ठाणे बनले. १९८२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने अंड्याचा भाव दलालाऐवजी उत्पादकाने जाहीर करावा, ही रीत पाडली. शहरातील सामान्य माणसाच्या ताटात अंडे रोज येऊ लागले, याचे श्रेय या उद्योगाला द्यावेच लागेल. एके काळी आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला जपून दिले जाणारे अंडे आज सर्वांना परवडते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण या यशाची एक किंमत होती, आणि ती फारशी कोणी लिहून ठेवली नाही.

खुडूकपणा दोष कसा ठरला

गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. याचे मोठे कारण म्हणजे ती वारंवार खुडूक होते. तीन आठवडे उबवणीत आणि त्यापुढे सहा-आठ आठवडे पिल्लांमागे जातात, त्या काळात ती अंडी घालत नाही. अंड्यांचा हिशेब करणाऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा. यंत्र उबवू लागल्यावर खुडूकपणाची गरज उरली नाही, म्हणून पैदासकारांनी पिढ्यान्पिढ्या खुडूक न होणाऱ्या कोंबड्याच निवडल्या. व्हाइट लेगहॉर्न आणि तिच्यापासून केलेले संकर वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देतात, पण त्यांवर बसत नाहीत. आईपण हा त्यांच्या अंगचा दोष ठरवून काढून टाकण्यात आला.

खेड्यांसाठी म्हणून तयार केलेल्या जातींतही हेच झाले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या जाती रंगीत पिसांच्या, परसात चरणाऱ्या, गावठीपेक्षा वजनदार आणि जास्त अंडी देणाऱ्या आहेत. त्यांनी अनेक घरांना आधार दिला. परंतु त्यांच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. शिवाय त्या संकरित असल्याने त्यांच्या पुढच्या पिढीत तेच गुण एकसारखे उतरत नाहीत. म्हणजे कोंबड्या संपल्या की पुन्हा उबवणी केंद्राच्या दाराशी जाणे आले. ज्या बाईच्या खुराड्यात पिढ्यान्पिढ्या स्वतःचे बियाणे होते, ती आता प्रत्येक खेपेला गिऱ्हाईक झाली.

दुसरीही एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. एक दिवसाच्या पिल्लातील नर-मादी ओळखण्याची रीत जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात शोधली. तेव्हापासून अंड्यांच्या उद्योगात नर पिल्ले जन्माच्याच दिवशी नष्ट केली जाऊ लागली, कारण ती अंडी देत नाहीत आणि त्यांना मांसही पुरेसे चढत नाही. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून कायद्याने ही प्रथा बंद केली. परसातल्या खुराड्यात असा प्रश्नच नव्हता. कोंबडे वाढत, आणि गटारीला, शिमग्याला, लग्नकार्याला किंवा सणाच्या जेवणाला कामी येत. मारले तेही जात, पण एक आयुष्य जगून आणि कोणाच्या तरी ताटासाठी.

पेटी पुन्हा घरात

आता मोऱ्याकडे वळू. १९७० नंतर सिडकोने पनवेल-उरण पट्ट्यातील जमिनी संपादन केल्या. योग्य मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी प्राण दिले. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. भाताची खाचरे गेली, तशी खळी गेली. खळ्याबरोबर कोंडा आणि कण्या गेल्या. घरांना कुंपणे आणि फरशीची अंगणे आली. कोंबडी कमी झाली ती केवळ उद्योगामुळे नव्हे. तिच्या पायाखालची जमीनच गेली होती.

अशा स्थितीत घरी लहान यंत्र आणणाऱ्या तरुणांचे कौतुकच केले पाहिजे. गावठी अंड्याला आणि कोंबड्याला आज चांगला भाव आहे, आणि दोन-चार गुंठ्यांच्या परसातही पन्नास पक्षी राहू शकतात. यंत्राची अपेक्षा फार नाही. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून निदान तीन ते पाच वेळा फिरवणे. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून, शिरांचे जाळे न दिसणारी अंडी बाजूला काढणे. शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद करून दमटपणा वाढवणे, आणि पेटी वारंवार न उघडणे. अंडी आठवड्याहून जुनी नसावीत, आणि कळपात दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असावा.

आपल्या किनाऱ्यावर एक विशेष काळजी घ्यावी लागते. पेट्यांबरोबर येणारी माहितीपत्रके कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेली असतात आणि पाण्याची वाटी सदैव भरून ठेवण्यास सांगतात. अंड्याचे वजन उबवणीत बारा-चौदा टक्के घटावे लागते, तेव्हाच पिल्लाला श्वास घेण्यापुरती हवेची पोकळी तयार होते. आषाढ-श्रावणात मोऱ्याची हवा तीस अंशांवर पंच्याऐंशी टक्के दमट असते. तीच हवा पेटीत साडेसदतीस अंशांपर्यंत तापली की तिचा दमटपणा पंचावन्न टक्क्यांच्या जवळपास येतो, आणि पहिल्या अठरा दिवसांना तेवढाच हवा असतो. त्यावर पाणी ठेवले तर पिल्ले पूर्ण वाढूनही कवचातच गुदमरतात. उलट पौष-माघात तीच हवा तापून वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते, तेव्हा पाणी ठेवलेच पाहिजे. खुडूक कोंबडी हे आकडे जाणत नाही. पण ती अंग भिजवून येते, पंख पसरते किंवा आवरते, आणि जमते तितके साधून घेते.

विजेचा भरवसा ही दुसरी अडचण. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन आपण विसरलेलो नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. घटका-दोन घटका ऊब तुटली तर गर्भ तग धरतो, कारण कोंबडीही थोडा वेळ उठतेच. दिवसचे दिवस मात्र तो तग धरू शकत नाही. त्या दिवसांत ज्या टोपलीवर कोंबडी बसलेली होती, तेथे विजेची तार तुटल्याची वार्ताही पोहोचली नसेल.

मानमोडी ते चिरनेर

पिल्ले काढणे हे अर्धेच काम, ती जगवणे हे उरलेले अर्धे. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे कोंबड्यांच्या एका घातक रोगाचा अभ्यास झाला आणि आपल्या देशात त्या गावाचेच नाव रोगाला चिकटले. आपण त्याला मानमोडी म्हणतो. एका आठवड्यात गावातील सारी खुराडी रिकामी करणारा हा रोग लसीने टळतो. पिल्ले पाच-सात दिवसांची असताना डोळ्यात लसीचा थेंब टाकला आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने लसी टोचून घेतल्या, तर नुकसान फार कमी होते. यंत्राने एका वेळी पन्नास पिल्ले काढणाऱ्याने ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण त्याचे नुकसानही पन्नासपट असते.

बर्ड फ्लूचे तसे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो भारतात प्रथम आढळला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याच उरण तालुक्यातील चिरनेर गावी आला. १९३० च्या जंगल सत्याग्रहातील हुतात्म्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव. तेथील रोगग्रस्त परिसराच्या एक किलोमीटरच्या आतील कोंबड्या शासनाने मारून पुरल्या. साथ आवरण्यासाठी हे अटळ होते आणि त्यात सहकार्य करणे नागरिकांचे कर्तव्यच आहे. पण अशा वेळी परसातील दहा कोंबड्यांबरोबर पिढ्यांचे बियाणेही जाते. कारखान्याला नवी पिल्ले दुसऱ्या आठवड्यात मिळतात. बाईच्या गावठी कोंबडीची जागा मात्र शेजारच्या गावातून आणलेले बियाणेच भरून काढू शकते. म्हणून एकेका गावाने आपला वाण दुसऱ्या गावी अर्धलीने ठेवण्याची जुनी रीत केवळ शेजारधर्माची नव्हती, तीत शहाणपणही होते.

यंत्र असावे, कोंबडीही असावी

पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या ग्रंथात (१७:११) स्वतः न घातलेली अंडी उबवणाऱ्या पक्षिणीचा दृष्टान्त आहे, तो अन्यायाने धन जोडणाऱ्याला उद्देशून. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात (२३:३७) प्रभू येशूने यरुशलेमवरील आपली माया सांगताना पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा निवडली. ज्या पिढीने खुडूक कोंबडी कधी पाहिलीच नाही, तिला ही उपमा समजावून सांगावी लागेल. प्रवचनाच्या वेळी मुलांच्या चेहऱ्यांवर हे मी पाहतो. अंडे खोक्यातून येते आणि पिल्लू कारखान्यातून, एवढेच त्यांना ठाऊक असते.

म्हणून यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही, मात्र त्याला कामावर कोठे ठेवायचे, हे आपण ठरवले पाहिजे. अनुभवी पाळणारे एक सोपी रीत सुचवतात. अंडी पेटीत उबवावीत आणि त्याच बेताने एखादी खुडूक गावठी कोंबडी चार-पाच अंड्यांवर बसवावी. पेटीत पिल्ले निघाली की रात्री अंधारात ती तिच्या पंखांखाली सरकवावीत. सकाळी ती सर्वांना आपलीच समजते. त्यांना दिव्याची कृत्रिम दाई लागत नाही. घार आली की कोठे दडायचे, माती कशी उकरायची, काय टिपायचे आणि काय नाही, हे ती आईकडून शिकतात. यंत्राने संख्या द्यावी आणि कोंबडीने वळण लावावे, अशी ही वाटणी आहे.

त्यासाठी गावात निदान काही घरांनी गावठी वाण शुद्ध ठेवला पाहिजे आणि खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवून तिची खुडूक मोडण्याऐवजी तिला बसू दिले पाहिजे. पेटीतून निघालेल्या पिल्लांचा पैसा घरातील स्त्रीच्याच हाती राहील, हेही पाहिले पाहिजे. यंत्र आले की ते चालवणारा बहुधा घरातला मुलगा असतो, आणि हिशेबाची वही त्याच्या खिशात जाते. इज्जतनगरने, खडकीने आणि पुण्याच्या उद्योगाने देशाला स्वस्त अंडे दिले. परसातल्या खुराड्याने त्याहून लहान, पण वेगळी गोष्ट दिली होती: कोणापुढे हात न पसरता वापरता येणारे चार पैसे आणि स्वतःचे बियाणे. उबेची पेटी ही गोष्ट घरात परत आणू शकते किंवा उरलीसुरलीही घालवू शकते. ते विजेवर किंवा तापमापकावर अवलंबून नाही, ती पेटी कोणाच्या हाती आहे यावर आहे.